रंग उडण्याचा आलेख शेवटी का वाकतो? (क्रिस्टल व्हायोलेट आणि कॉस्टिकचा प्रयोग)

निशिगंधा

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. यंदा दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत मी क्रिस्टल व्हायोलेट हे जांभळे रंगद्रव्य आणि सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक) यांच्या अभिक्रियेचा प्रयोग नव्याने घातला आहे. आतापर्यंत आमच्याकडे अभिक्रियेचा वेग म्हटला की एस्टरचे जलअपघटन आणि दर दहा मिनिटांनी एक टायट्रेशन असे ठरलेले होते. त्यात विद्यार्थ्यांचे सगळे लक्ष ब्युरेटवर राहते आणि अभिक्रिया चालू आहे हे डोळ्यांना कुठेच दिसत नाही. इथे मात्र गडद जांभळे द्रावण समोर फिके होत होत पाण्यासारखे होते आणि कलरिमीटरची ओडी (द्रावण किती प्रकाश शोषते त्याचा आकडा) प्रत्येक अर्ध्या मिनिटाला खाली येते. मुले खुर्च्या सोडून यंत्राभोवती उभी राहतात, आणि माझ्यासाठी तेवढ्यानेच निम्मे काम होते.

प्रयोगाची मांडणी अशी आहे. २ × १०⁻⁵ मोलर क्रिस्टल व्हायोलेट १० मिली आणि ०.०४ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १० मिली एकत्र करायचे. त्यामुळे मिश्रणात रंगद्रव्य १ × १०⁻⁵ मोलर आणि कॉस्टिक ०.०२ मोलर राहते, म्हणजे कॉस्टिक दोन हजार पट जास्त असते. सगळे रंगद्रव्य संपले तरी कॉस्टिकची संहती जवळजवळ बदलत नाही, म्हणून अभिक्रिया प्रथम कोटीसारखी (वेग फक्त उरलेल्या रंगद्रव्याच्या प्रमाणात) वागते आणि ओडीच्या नैसर्गिक लॉगचा वेळेशी काढलेला आलेख सरळ रेघ यायला हवा. फिल्टर ५९० नॅनोमीटरच्या जवळची घेतली आहे, कारण हे रंगद्रव्य पिवळा-नारिंगी प्रकाश शोषते. जांभळ्या द्रावणाला जांभळी फिल्टर लावण्याची चूक पहिल्या बॅचच्या दोन गटांनी केलीच होती, ती वेळेवर लक्षात आली.

आता अडचण सांगते. एका गटाची दर १५० सेकंदांची रीडिंग अशी आहेत: ०.७९, ०.४१, ०.२२, ०.१३, ०.०८, ०.०५. लॉग घेऊन आलेख काढला की पहिली पाच-सहा मिनिटे रेघ सरळ जाते आणि नंतर हळूहळू वर वाकू लागते. सर्व गटांचे आलेख असेच वाकले आहेत, त्यामुळे एखाद्या मुलाच्या हाताचा दोष म्हणता येत नाही. काहींनी शेवटचे बिंदू खोडून टाकले आणि रेघ सरळ करून जर्नलमध्ये लावली. मी त्यांना तसे करू दिले नाही, पण कारणही मला खात्रीने सांगता आले नाही, आणि ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

दुसरी शंका अशी की कॉस्टिकची संहती ०.०२ वरून ०.०४ मोलर केल्यावर वेगस्थिरांक (लॉगच्या रेघेचा उतार) दुप्पट व्हायला हवा होता. सुरुवातीचा सरळ भागच धरून पाहिले, तरी तो सुमारे १.८ पटच होतो. त्यावरून काढलेला कॉस्टिकचा घातांक, म्हणजे वेग कॉस्टिकच्या संहतीच्या कितव्या घातावर अवलंबून आहे तो आकडा, ०.८५ येतो. पुस्तकात तो १ आहे. ज्यांनी हा प्रयोग केला आहे त्यांनी कृपया मार्ग दाखवावा.

आडवाट

निशिगंधाताई, आपण रीडिंग जशीच्या तशी दिलीत हे फार बरे केले, कारण उत्तर बहुधा त्या सहा आकड्यांतच आहे. मी चौतीस वर्षे भौतिकीय रसायनाची प्रात्यक्षिके घेतली, आता निवृत्त आहे, पण असे आकडे समोर आले की आपोआप कागद पुढे ओढला जातो.

लॉग थोडा वेळ बाजूला ठेवा आणि फक्त एवढेच पाहा की प्रत्येक १५० सेकंदांत रंग किती उरतो. प्रथम कोटीच्या अभिक्रियेत समान वेळात समान अपूर्णांक उरला पाहिजे. आपल्या आकड्यांत पहिल्या टप्प्यात ०.५२ पट उरतो, मग ०.५४, मग ०.५९, पुढे ०.६१ किंवा ०.६२. हा अपूर्णांक एकसारखा वाढतो आहे. आता प्रत्येक आकड्यातून ०.०३ वजा करून बघा. उरतात ०.७६, ०.३८, ०.१९, ०.१०, ०.०५, ०.०२. हे तर दर वेळी निम्मे होत आहेत! म्हणजे अभिक्रिया अगदी सरळमार्गी आहे आणि अर्धायुष्य १५० सेकंद आहे. आपल्या यंत्रात मात्र ०.०३ एवढी अशी काहीतरी ओडी बसून आहे, जिचा अभिक्रियेशी संबंध नाही आणि जी कधीच उडत नाही.

सुरुवातीला ०.७९ मध्ये ०.०३ मिसळले तर लॉगला ते जाणवतही नाही. शेवटी खरा रंग ०.०५ उरलेला असताना त्यात ०.०३ मिसळले की लॉग −३.०० ऐवजी −२.५३ येतो आणि रेघ वर उचलली जाते. म्हणून वाकणे नेहमी शेवटीच दिसते. सहाही बिंदूंतून रेघ ओढली तर आपल्याला वेगस्थिरांक ०.००३७ प्रतिसेकंद मिळाला असेल. ०.०३ वजा केल्यावर तो ०.००४६ होतो. एवढ्याशा आकड्याने वीस टक्क्यांचा फरक पाडला आहे.

आता मला एवढेच सांगा की शून्य जुळवण्यासाठी आपण कोणती क्युव्हेट (द्रावण भरून यंत्रात ठेवायची छोटी पारदर्शक नळी) वापरता आणि रीडिंग कोणत्या क्युव्हेटमध्ये घेता?

परीक्षानळी

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रश्न कदाचित फार प्राथमिक असेल, तरी विचारते. लॉग घेण्याची गरजच काय आहे? रंग पूर्ण जाईपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने मोजला आणि एकाला त्या वेळेने भागले, तर वेग मिळणार नाही का? बारावीला सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या प्रयोगात आम्ही कागदावरची फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ असाच मोजला होता.

ओढ्याकाठी

मी इचलकरंजीजवळ कापडावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि रंगांची ओडी मोजणे हे माझे रोजचे काम आहे. आडवाट सरांच्या प्रश्नाला मी पुढची पुस्ती जोडतो. क्रिस्टल व्हायोलेट हे धनभारित रंगद्रव्य आहे आणि काचेच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, त्यामुळे ते काचेलाही धरते आणि प्लॅस्टिकच्या क्युव्हेटला तर त्याहून जास्त धरते. नुसत्या पाण्याने तीनदा विसळून क्युव्हेट स्वच्छ दिसते, पण ती पांढऱ्या कागदावर आडवी ठेवून पाहा, आतल्या भिंतीवर फिकट जांभळी झाक दिसेल. ती स्पिरिटने जाते. आमच्याकडे अशा रंगांसाठी क्युव्हेट वेगळ्या ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येक वापरानंतर आधी स्पिरिट, मग ऊर्ध्वपातित पाणी असा क्रम पाळला जातो.

त्याच कारणाने फार विरल द्रावण काचेच्या बाटलीत आठवडाभर ठेवून वापरू नये. बाटलीच्या भिंतीवर थोडा रंग बसतो आणि संहती लेबलवर लिहिल्यापेक्षा कमी होते. दाट साठा ठेवावा आणि प्रयोगाच्या दिवशी तो विरल करावा.

निशिगंधा

आडवाट सर, ओढ्याकाठी, आपण दोघांनी नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. आमच्याकडे शून्य जुळवण्यासाठी एक क्युव्हेट कायम पाणी भरून यंत्राशेजारी ठेवलेली असते आणि रीडिंग दुसरीत घेतले जाते. त्या दुसरीत सकाळपासून पाच-सहा गटांचे जांभळे द्रावण जाऊन आलेले असते. आज दुपारी प्रयोगशाळा रिकामी असताना मी रीडिंगची क्युव्हेट नेहमीसारखी तीनदा विसळली, तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी भरले आणि यंत्रात ठेवली. ओडी ०.०३ आली. मग कापसाला स्पिरिट लावून आतून पुसले, तेव्हा कापसावर जांभळा डाग उमटला आणि पुढच्या रीडिंगला काटा शून्यावर आला. आमचे प्रयोगशाळा परिचर मामा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "हा रंग माझ्या बोटावरून चार दिवस जात नाही, तो काचेवरून पाण्याने कसा जाईल?" त्यांना मी आधीच विचारायला हवे होते.

परीक्षानळी, तुझा प्रश्न मुळीच प्राथमिक नाही. आडवाट सरांनी त्याचे उत्तर द्यावे अशी विनंती करते, कारण माझ्या वर्गातही तो उद्या येणारच आहे.

आडवाट

परीक्षानळी, फुलीच्या प्रयोगात तुम्ही जे केलेत ते चुकीचे नाही, पण त्याची एक अट असते. दर वेळी एकाच टप्प्यापर्यंतचा वेळ मोजला जात असेल, म्हणजे गढूळपणा दर वेळी तितकाच झाल्यावर फुली दिसेनाशी होत असेल, तर एक भागिले वेळ ही वेगाची बऱ्यापैकी तुलना देते. रंग उडण्याच्या प्रयोगात "रंग पूर्ण गेला" हा टप्पाच पक्का नसतो. प्रथम कोटीत रंग निम्मा होतो, मग निम्म्याचा निम्मा होतो आणि पूर्ण कधीच जात नाही. एकाच्या डोळ्याला नऊ मिनिटांनी द्रावण रंगहीन वाटते, दुसऱ्याच्या डोळ्याला अकरा मिनिटांनी. शिवाय सुरुवातीचा रंग दुप्पट घेतला, तर वेगस्थिरांक तोच असूनही रंग जायला एक अर्धायुष्य जास्त लागते, आणि तू म्हणशील की वेग कमी झाला.

लॉगचे काम समान अपूर्णांकांचे रूपांतर समान अंतरांत करणे हे आहे. दर १५० सेकंदांनी निम्मे होणाऱ्या संख्यांचा लॉग दर १५० सेकंदांनी ०.६९३ ने उतरतो, म्हणून रेघ सरळ येते. याचा एक मोठा फायदा सहसा सांगितला जात नाही. द्रावणे मिसळून क्युव्हेट यंत्रात ठेवेपर्यंत पंधरा-वीस सेकंद जातात आणि मुले घाबरतात की सुरुवात हुकली. प्रथम कोटीत सुरुवात कोठूनही धरली तरी रेघेचा उतार तोच राहतो. मिश्रण नीट ढवळायला वेळ घ्यावा, कारण न ढवळलेल्या द्रावणाचे पहिले रीडिंग खरोखरच निरुपयोगी असते.

कलरिमीटर नसलेल्या शाळांसाठी मी जुनी पद्धत सांगतो. एकसारख्या पाच परीक्षानळ्या घ्याव्यात. पहिलीत मूळ संहतीचे रंगद्रव्य फक्त पाण्यात, दुसरीत निम्मे, तिसरीत पाव, चौथीत एक अष्टमांश. पाचवीत कॉस्टिक घातलेले मिश्रण. मागे पांढरा कागद धरायचा आणि पाचवीचा रंग ज्या क्षणी दुसरीशी जुळेल, मग तिसरीशी, मग चौथीशी, ते क्षण टिपायचे. डोळा रंग किती आहे हे सांगू शकत नाही, पण दोन रंग सारखे आहेत की नाही हे फार चांगले सांगतो. तीनही अंतरे जवळजवळ समान आली की मुलांना अर्धायुष्य म्हणजे काय ते सूत्राविना कळते. तोंड आले की लावायचे जांभळे औषध म्हणून मिळते ते जेन्शियन व्हायोलेट यासाठी चालते. त्याच्या १ टक्का द्रावणाचे १ मिली एक लिटर पाण्यात घातले की सुमारे २.५ × १०⁻⁵ मोलर होते. मात्र त्यात जवळची इतर रंगद्रव्येही मिसळलेली असू शकतात, म्हणून त्यावरून वेगस्थिरांकाचा नेमका आकडा काढू नये, आणि हातमोजे घालूनच काम करावे.

ताई, आता आपल्यासाठी एक सूचना. क्युव्हेटचा डाग सापडला हे चांगलेच, पण प्रत्येक वेळी कारण सापडेलच असे नाही. ई. ए. गुगेनहाइम यांनी १९२६ साली दिलेली एक युक्ती अशा वेळी उपयोगी पडते. शेवटची ओडी किती आहे हे माहीत नसले तरी चालते. ठराविक अंतराने घेतलेल्या दोन रीडिंगची वजाबाकी करायची आणि त्या वजाबाकीचा लॉग घ्यायचा. आपल्याच आकड्यांत ३०० सेकंदांचे अंतर धरले तर ०.७९ − ०.२२ = ०.५७, ०.४१ − ०.१३ = ०.२८, ०.२२ − ०.०८ = ०.१४, ०.१३ − ०.०५ = ०.०८. हे आकडे पुन्हा निम्मे होत गेले आहेत. स्थिर राहणारी जी काही ओडी होती ती वजाबाकीत आपोआप गळून गेली. बिघडलेल्या वाटणाऱ्या रीडिंगमधूनही खरा वेगस्थिरांक मिळतो, म्हणून मुलांनी जुन्या बॅचचे आकडे फेकून देऊ नयेत.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत हायस्कूलला रसायनशास्त्र शिकवतो. इथे हाच विषय बहुतेक शाळांत खाण्याचा निळा रंग आणि कपड्यांचे ब्लीच यांच्या साहाय्याने शिकवला जातो, कारण दोन्ही वस्तू किराणा दुकानात मिळतात. निळ्या रंगाचे शोषण ६३० नॅनोमीटरला सर्वांत जास्त असते आणि ब्लीच भरपूर घेतले की आलेखही अगदी देखणा येतो. त्याची खोट मात्र ब्लीचच्या बाटलीत आहे. सोडियम हायपोक्लोराइट ठेवल्या ठेवल्या विघटित होत जाते आणि उन्हाळ्यात जास्त लवकर होते. मागच्या वर्षी उघडलेल्या बाटलीने काढलेला वेगस्थिरांक नव्या बाटलीशी जुळत नाही, आणि लेबलवरचा टक्का खरा मानून गणित केले तर सगळेच बिघडते. थायोसल्फेटच्या टायट्रेशनने ब्लीचची खरी संहती त्याच आठवड्यात काढणे हाच उपाय आहे. भारतात कोणी हा प्रयोग करणार असेल तर एक गोष्ट विसरू नये: त्या टेबलावर आम्लाची बाटली असता कामा नये, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन बाहेर पडतो. टायट्रेशन करताना आम्ल लागतेच, ते वेगळ्या वेळी आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे.

आता निशिगंधाताईंच्या ०.८५ बद्दल. तो घातांक चुकलेला नाही असे मला वाटते. आपण कॉस्टिक दुप्पट केलेत तेव्हा द्रावणातील एकूण आयनांची संख्याही दुप्पट झाली. क्रिस्टल व्हायोलेटचा आयन धनभारित आहे आणि हायड्रॉक्साइड ऋणभारित. भोवती इतर आयन वाढले की प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे वलय दाट होते, दोघांमधील ओढ झाकली जाते आणि वेगस्थिरांक कमी होतो. कोपनहेगनच्या ब्रॉन्स्टेड यांनी १९२० च्या दशकात हा क्षार-परिणाम मांडला. गणित करून पाहिले तर आयनिक तीव्रता (द्रावणातील आयनांचे एकूण प्रमाण) ०.०२ वरून ०.०४ झाल्याने वेगस्थिरांक सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. दुपटीतून दहा टक्के गेले की १.८ उरतात, आणि आपल्याला तेच मिळाले आहे.

उपाय अगदी सोपा आहे. ०.०२ मोलर कॉस्टिकच्या मिश्रणात ०.०२ मोलर सोडियम क्लोराइड असू द्या, म्हणजे दोन्ही मिश्रणांत एकूण आयन सारखे राहतील आणि बदलेल तो फक्त हायड्रॉक्साइड.

ओढ्याकाठी

हे फार उपयोगी आहे, सातासमुद्रापार. हाच परिणाम उलट्या दिशेने पाहायचा असेल तर फिनॉल्फथॅलिन आहे. टायट्रेशनमध्ये ते गुलाबी होते हे सगळ्यांना माहीत असते, पण कॉस्टिक दाट असेल तर तोच गुलाबी रंग काही मिनिटांत हळूहळू उडतो. तिथे गुलाबी आयनावर दोन ऋणभार असतात आणि हायड्रॉक्साइडवरही ऋणभारच असतो. सारख्या भाराचे आयन एकमेकांना ढकलतात, मीठ घातल्यावर ते ढकलणे झाकले जाते आणि रंग लवकर उडतो. एका वर्गात दोन गटांना दोन वेगळी रंगद्रव्ये आणि एकच मीठ दिले, तर एकाचा वेग घटेल आणि दुसऱ्याचा वाढेल. भारांचे गणित फळ्यावर मांडण्याआधी ते मुलांनी स्वतःच्या आकड्यांत पाहिलेले असेल.

तापमानाकडेही लक्ष असू द्यावे. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) ६० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास धरली, तर सकाळी २५ अंशांना आणि दुपारी ३१ अंशांना केलेल्या प्रयोगांत वेगस्थिरांक सुमारे १.६ पट बदलतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या आणि दुपारच्या बॅचचे आकडे जुळत नाहीत ते बहुधा यामुळेच. दोन्ही द्रावणे मिसळण्यापूर्वी एकाच पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवावीत आणि थर्मामीटरचे रीडिंग प्रत्येक तक्त्याच्या वर लिहावे. क्युव्हेट यंत्रात सलग ठेवली तर दिव्याची ऊबही तिला लागते, म्हणून रीडिंगपुरतीच आत ठेवून लगेच बाहेर काढणे बरे.

परीक्षानळी

आडवाट काका, मी आज घरीच तुमची पाच नळ्यांची पद्धत करून पाहणार होते, पण आईने कॉस्टिक घरात आणू दिले नाही, म्हणून आता महाविद्यालयात विचारले आहे. आमच्या सरांनी मोबाइलच्या कॅमेऱ्याने दर अर्ध्या मिनिटाला फोटो काढून रंगाचा आकडा घ्यायला सुचवले आहे. ते चालेल का?

सातासमुद्रापार

चालेल, पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, कॅमेऱ्याचे एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स एकदा जुळवून कुलूपबंद करावेत, नाहीतर द्रावण फिके होईल तसा कॅमेरा स्वतःच उजेड कमी करत जाईल आणि रंग उडाल्याचे आकड्यात दिसणारच नाही. दुसरी, प्रत्येक फोटोत शेजारी साध्या पाण्याची नळी असावी, म्हणजे खोलीतला उजेड बदलला तरी भागाकाराने दुरुस्ती करता येते. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फोटोतला ० ते २५५ मधला आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. १२८ म्हणजे निम्मा प्रकाश असे वाटते, प्रत्यक्षात तो सुमारे २२ टक्केच असतो. आधी त्या आकड्याचे प्रकाशात रूपांतर करावे, मग पाण्याच्या नळीशी गुणोत्तर घ्यावे आणि त्यानंतर लॉग घेऊन ओडी काढावी. लाल आणि हिरवा असे दोन्ही आकडे तपासून जो जास्त बदलतो तो घ्यावा. निळ्याचा उपयोग नाही, कारण जांभळे द्रावण निळा प्रकाश बराचसा जाऊ देते.

आडवाट

विषय निघालाच आहे तर ताईंच्या पुढच्या वर्षाच्या नियोजनासाठी आणखी दोन प्रयोग सुचवतो. प्रत्येक रंग एकाच पद्धतीने उडतो अशी समजूत या एका प्रयोगावरून मुलांची होऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

पहिला आयोडीन आणि अॅसिटोनचा. मिश्रणात अॅसिटोन ०.८ मोलर, हायड्रोक्लोरिक आम्ल ०.२ मोलर आणि आयोडीन ०.००१ मोलर असे घेतले की २५ अंशांना पिवळा रंग जायला साधारण चार मिनिटे लागतात. इथे ओडीचा आलेख लॉग न घेताच सरळ उतरतो आणि शेवटी एकदम शून्याला भिडतो. आयोडीन निम्मे घेतले की वेळ बरोबर निम्मा होतो. ज्याचा रंग आपण पाहतो आहोत त्याच्या संहतीवर वेग अवलंबूनच नाही. अॅसिटोनचे रूप बदलण्याची पायरी संथ असते आणि आयोडीन पुढे फक्त वाट पाहत उभे असते. अशा हॅलोजनीकरणाचा उलगडा आर्थर लॅपवर्थ यांनी १९०४ मध्ये केला. तयार होणारे आयोडोअॅसिटोन डोळ्यांना झोंबते, म्हणून प्रमाण थोडे ठेवावे आणि प्रयोग एक्झॉस्टखाली करावा.

दुसरा पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचा. टायट्रेशनमध्ये आपण द्रावण गरम करतो आणि पहिले थेंब रेंगाळतात, पुढचे पटापट रंगहीन होतात, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. तयार होणारे मँगनीजचे आयनच अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतात. म्हणून इथे आलेख आधी आडवा, मग कड्यासारखा खाली आणि पुन्हा आडवा असा येतो. ऑक्सफर्डच्या हार्कोर्ट आणि एसन या जोडीने १८६० च्या दशकात हीच अभिक्रिया कष्टाने मोजून वेगाचे गणित उभे केले. तेव्हा हातात कलरिमीटर नव्हता, अभिक्रिया ठरावीक क्षणी थांबवून उरलेले परमँगनेट टायट्रेशनने मोजावे लागे. सुरुवातीलाच चिमूटभर मँगनीज सल्फेट घातले की तो पहिला आडवा भाग नाहीसा होतो. मुलांना हे करून पाहू द्यावे.

तिन्ही आलेख एकाच कागदावर काढले की एक वक्र, एक सरळ उतार आणि एक कडा असे शेजारी शेजारी दिसतात. माझ्या अनुभवात अभिक्रियेची कोटी हा शब्द त्या कागदानंतरच मुलांच्या तोंडी नीट बसतो.

निशिगंधा

सर्वांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या बॅचला सुधारलेला प्रयोग दिला, त्याचे आकडे देते. शून्य आणि रीडिंग एकाच क्युव्हेटमध्ये घेतले, दोन गटांच्या मध्ये ती स्पिरिटने धुतली, दोन्ही द्रावणे बादलीत २७ अंशांना ठेवली आणि कमी कॉस्टिकच्या मिश्रणात मीठ घातले. ०.०२ मोलर कॉस्टिकला वेगस्थिरांक ०.००४२ प्रतिसेकंद आला आणि ०.०४ मोलरला ०.००८३. गुणोत्तर १.९८, घातांक ०.९८. दोन्हींना कॉस्टिकच्या संहतीने भागले की ०.२१ येतात. आलेख बाराव्या मिनिटापर्यंत सरळ गेला. शेवटच्या दोन बिंदूंत थोडी ये-जा आहे, पण ती रेघेच्या दोन्ही बाजूंना आहे, एकाच बाजूला नाही.

मीठ घातल्याने ०.०२ चा स्थिरांक आधीच्या ०.००४६ वरून ०.००४२ वर उतरला हे एका मुलीने न सांगता हेरले आणि विचारले, "मॅडम, मीठ तर अभिक्रियेत भागच घेत नाही, मग वेग कसा बदलला?" या प्रश्नावर पुढचा तास गेला आणि सातासमुद्रापार यांचे आयनांच्या वलयाचे स्पष्टीकरण मी फळ्यावर जसेच्या तसे काढले.

पहिल्या बॅचच्या मुलांना मी वाकलेला आलेख जर्नलमध्ये तसाच ठेवायला सांगितला आहे. समोरच्या पानावर तेच आकडे गुगेनहाइमच्या पद्धतीने मांडायचे आणि क्युव्हेटमध्ये सापडलेल्या ०.०३ ची नोंद करायची. ज्यांनी शेवटचे बिंदू खोडले होते, त्यांनी ते पुन्हा पेनाने काढले आहेत. पुढच्या सोमवारी फिनॉल्फथॅलिन आणि मिठाचा प्रयोग लावते आहे. त्यासाठी कॉस्टिक किती दाट ठेवावे, म्हणजे रंग एका तासिकेत निम्म्याहून जास्त उतरेल, एवढे ओढ्याकाठी यांनी सांगावे.

ओढ्याकाठी

ताई, मिश्रणात ०.३ मोलर कॉस्टिकपासून सुरुवात करा आणि कमी कॉस्टिकच्या मिश्रणांत मीठ घालून एकूण ०.३ मोलर राखा. फिल्टर ५५० नॅनोमीटरजवळची लावा. फिनॉल्फथॅलिन एक-दोन थेंबच टाका, आणि ते टाकताक्षणीच स्टॉपवॉच सुरू करा. मिठाचा स्वतंत्र परिणाम दाखवायचा असेल तेव्हा कॉस्टिक तेच ठेवून एका नळीत मीठ घाला आणि दुसरीत घालू नका. ही अभिक्रिया काही प्रमाणात उलटही फिरते, त्यामुळे रंग पूर्ण शून्याला जाणार नाही आणि शेवटी थोडी गुलाबी छटा राहील. ती क्युव्हेटचा डाग समजून कोणी पुसत बसू नये. तिथेही वजाबाकीची तीच पद्धत लागू पडेल.